हवापालट

थंडीला आमच्या घरात चार नावं आहेत. भालकीला माझ्या माहेरी तिला हींव म्हणत. गल्लीतल्या कानडी बायका चळी म्हणत. १९७३ साली लग्न होऊन हैदराबादेत काचीगुड्याला आले, तेव्हा समोरच्या तेलुगू मावशींनी पहिल्याच मार्गशीर्षात "चली एक्कुवगा उंदि" म्हणत स्वतःच्या अंगावरची शाल माझ्या खांद्यावर टाकली. कानडीतल्या 'ळ'चा तेलुगूत 'ल' झाला होता, एवढाच काय तो फरक. आणि भिंतीपलीकडच्या आपा खिडकीतून ओरडायच्या, "दुल्हन, ठंड बहोत पडरी, कान बांधको निकलो!" चार भाषांत मिळून सल्ला एकच, कान बांध. दोन भाषांच्या उंबऱ्यावर जन्म काढणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

तेलुगू काय आणि कानडी काय, दोघंही म्हणतात की शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते. मला हा निरोप फार आवडतो. कसा शहाण्या पाहुण्यासारखा! पण गेली काही वर्षं आमच्या घरी थंडीच्या आधी आम्हीच 'शिव शिव' म्हणू लागलो. आम्ही म्हणजे खरं तर हे. ह्यांना दमा आहे. वयाच्या चाळिशीपासून आहे, पण सत्तरी उलटल्यावर त्याने घरात मालकी हक्क सांगायला सुरुवात केली. नोव्हेंबर उजाडला की रात्री दोनच्या सुमाराला ह्यांच्या छातीत बारीक शिट्टी वाजू लागते. मी जागीच असते. रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाच्या छातीत शिट्टी वाजावी, हा विनोद ह्यांनी स्वतःच केलेला आहे. मला तो अजून जमलेला नाही.

बाहेरच्या माणसाला आमच्या थंडीचं हसू येतं. न्यू जर्सीचा आमचा पुतण्या म्हणतो, "काकू, पंधरा अंशाला आम्ही इथे खिडक्या उघडतो!" त्याच्याकडे बर्फ फावड्याने उपसावा लागतो. तिकडचे आणि कॅनडातले निवृत्त लोक थंडी सुरू झाली की सरळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला जातात आणि वसंतात परत येतात. त्यांना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणजे हिमपक्षी असंच नाव आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी श्रीमंत इंग्रज असेच हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस गावी जाऊन राहायचे, आणि तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्याला त्यांच्यावरूनच नाव पडलं. उणे वीस अंशातून पळणाऱ्याची कीव येते, कौतुकही वाटतं. पंधरा अंशातून पळणाऱ्याला मात्र लोक नाजूक म्हणतात. छाती थर्मामीटर बघून आकसत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

हैदराबादची थंडी ही पठाराची थंडी आहे. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, खाली खडक, वर पावसाळ्यानंतरचं धुतलेलं आभाळ. दिवसा ऊन चांगलं चटकतं, अठ्ठावीस अंशांपर्यंत जातं. सूर्य कलला की जमिनीची ऊब जणू झाकण नसलेल्या भांड्यातून उडून जाते. डिसेंबर-जानेवारीतलं किमान तापमान साधारण पंधरा अंश धरावं. एखाद्या आठवड्यात ते अकरा-बारावर येतं. पटनचेरूकडे उघड्या माळावर शहरापेक्षा तीन-चार अंश कमीच, आणि आदिलाबादच्या बाजूला तर विचारूच नये. १९४६ च्या जानेवारीत हैदराबादेत पारा ६.१ अंशांवर उतरला होता अशी नोंद आहे. पण ह्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की नुसता गारठा हा अर्धाच शत्रू. गार, जड हवा पहाटे जमिनीलगत बसून राहते, वरची हवा तिच्यावर झाकणासारखी पडते, आणि मधे अडकतो तो गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, कुणी पेटवलेला पालापाचोळा. हे सगळं पहाटे पाच वाजता आमच्या काचीगुड्याच्या गल्लीत मुक्कामाला असतं.

दम्याच्या बाबतीत आमच्या गावाची गंमत अशी की देशभरातले दमेकरी दरवर्षी इथे येतात. मृगाचं नक्षत्र लागलं की जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बत्तिनी घराण्यातली मंडळी जिवंत मरळ माशाच्या पिल्लाच्या तोंडात औषध भरून ते पिल्लू रोग्याला गिळायला देतात. पूर्वी हे जुन्या शहरात दूधबावलीला होई, नंतर गर्दी न मावल्यामुळे नामपल्लीच्या एक्झिबिशन मैदानावर आलं. शाकाहारी माणसाला तेच गुळातून मिळतं. दोन वर्षं लागोपाठ ह्यांनी गुळातून घेतलं. रांगेत आमच्या पुढे अकोल्याचं एक कुटुंब होतं, मागे बिहारचं. गुण येतो याला शास्त्राचा पुरावा नाही, आणि ह्यांना आला नाही हे मी सांगू शकते. पण एवढी माणसं श्वासासाठी ज्या गावाकडे धावतात, ते गाव श्वासासाठी सोडायचा सल्ला आपल्याला मिळावा, हे मनाला पटायला वेळ लागतो.

तो सल्ला मिळाला २०२२ च्या नोव्हेंबरात. पाच दिवस ह्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "जमत असेल तर हिवाळा समुद्रकाठी काढा. तिथे रात्र गार होत नाही." मी मनात म्हटलं, काळ कसा उलटा फिरतो! आमच्या आजीच्या वेळी छातीच्या रोग्याला कोकणातून वर घाटावर धाडत. क्षयाच्या माणसाला मिरज, पाचगणी. कोरडी हवा हेच औषध. त्या काळी पाचगणीला, मिरजेला आरोग्यधामं उभी राहिली ती याच हवेच्या भरवशावर. किनाऱ्याची दमट हवा छातीला वाईट असं शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. रोग वेगळा, हे खरं. तरी एकाच देशात, एकाच शतकाच्या अंतराने, डॉक्टरच पठारावर चढवतात आणि डॉक्टरच खाली उतरवतात. 'हवापालट' हा शब्द मात्र तोच राहिला.

समुद्राकडे जाण्याचा प्रसंग आमच्या सासरी पहिलाच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात, आणि हैदराबाद शहरासह तेलंगण आंध्र प्रदेशात. त्या वेळी सरकारी नोकरीतल्या कितीतरी मराठी माणसांची वाटणी मुंबईकडे झाली. माझे सासरे इथेच राहिले, धाकटे चुलत सासरे मुंबईला गेले. त्यांची पत्रं सासूबाईंनी जपून ठेवलेली होती. लिहायची भाषा मराठी, पण मधेच 'लिहाजा' आणि 'बहरहाल' डोकावायचं. शिक्षण उर्दूतून झालेलं ना! एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं की मुंबईला थंडी म्हणून नाहीच, लोकरी शेरवानी आणली ती पेटीतच आहे, रजई वहिनींनी परत मागवून घ्यावी. पुढे प्रत्येक हिवाळ्यात त्या शेरवानीची हकीकत असे. तिला कसर लागली, तिला ऊन दाखवलं, तिचं बटण पडलं. अंगावर घातल्याचं एकदाही लिहिलेलं नाही. विकली म्हणूनही नाही.

तर समुद्र कुठला, हा प्रश्न होता. मुलगा पुण्याला, त्याने अलिबाग-रत्नागिरीची नावं काढली. माझ्या भाचीने गोवा सुचवला. ह्यांनी मात्र विशाखापट्टणम धरून ठेवलं. रेल्वेतल्या त्यांच्या एका जुन्या तेलुगू सहकाऱ्याचा फ्लॅट लॉसन्स बे भागात रिकामा होता, मुलगा परदेशी. शिवाय गोदावरी एक्स्प्रेस संध्याकाळी हैदराबादहून निघते आणि सकाळी तिथे पोचवते; गाडीची वेळ पाठ असलेलं गाव ह्यांना परकं वाटत नाही. आपांना सांगितलं तेव्हा त्या पान लावता लावता थांबल्या. "समंदर के बाजू जाको क्या करते? बात कौन करता उधर?" मी म्हटलं, तेलुगू येतं की आम्हाला. त्या म्हणाल्या, "तेलुगू तो आता. बात?"

निघायचं होतं २०२३ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ५ डिसेंबरला मिचाँग चक्रीवादळ बापटलाजवळ किनाऱ्याला लागलं. आम्ही जाणं आठवडाभर पुढे ढकललं. सौम्य हिवाळ्याचा किनारा आधी आपलं दुसरं तोंड दाखवून मगच या म्हणाला, असं मला वाटलं. बंगालच्या उपसागराची वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरातलीच. १९ नोव्हेंबर १९७७ चं दिविसीमेचं वादळ आम्ही हैदराबादेत रेडिओवर ऐकलं होतं. दहा हजारांवर माणसं गेली. त्या बिल्डिंगचा राखणदार १२ ऑक्टोबर २०१४ च्या हुदहुदची गोष्ट रोज नव्याने सांगायचा. कैलासगिरीची झाडं कशी मुळासकट आडवी झाली, खिडक्यांच्या काचा कशा पतंगासारख्या उडाल्या. सांगताना हात समुद्राकडे करायचा, पण मान तिकडे वळवायचा नाही.

पण डिसेंबर मधल्यावर आला आणि समुद्र निवला. काय हवा होती ती! खोटं कशाला सांगू, पहिल्या रात्री मी पांघरूण पायाशी लोटलं आणि सकाळपर्यंत ओढून घेतलं नाही. पाणी जमिनीपेक्षा कितीतरी सावकाश तापतं आणि तितकंच सावकाश निवतं, हे मी शाळेत चाळीस मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. ते अंगाला पहिल्यांदा त्या रात्री कळलं. दुपारी दोन्ही गावांत पारा जवळपास सारखाच, अठ्ठावीसच्या आगेमागे. फरक सगळा रात्रीचा. हैदराबाद पहाटे पंधराला उतरतं, विशाखापट्टणम एकोणीस-वीसच्या खाली जायला राजी नसतं. चार-पाच अंश. बाजारात एवढ्या फरकाला कुणी विचारणार नाही. पण त्या चार-पाच अंशांत ह्यांची शिट्टी थांबली होती. दोन वाजता सवयीने जाग आली आणि काहीच ऐकू येईना, तेव्हा घाबरून मी ह्यांच्या नाकाशी हात धरून बघितला.

सकाळी रामकृष्ण बीचवर जायचो. मराठी माणसाच्या डोक्यात समुद्र पश्चिमेला असतो. सूर्य त्यात बुडतो, ही आपली चित्राची वही. इथे सूर्य पाण्यातून वर येतो. ह्यांनी दोन दिवस तोंड चुकवून बसायची सवय केली आणि तिसऱ्या दिवसापासून अर्घ्य दिल्यासारखे हात जोडू लागले. डाव्या हाताला कैलासगिरी, उजव्या हाताला दूर डॉल्फिन्स नोजचा डोंगर, वाळूवर ओढून ठेवलेली कुरसुरा पाणबुडी. कोळणी बांगड्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. ऊन अंगावर येई ते आमच्याकडच्या गच्चीतल्या उन्हासारखं टोचत नसे. ओल्या फडक्याने शेकावं तसं लागे. सकाळी नऊ वाजता बाकावर बसलेल्या माणसांत निम्मे आमच्यासारखेच होते. कुणी नागपूरकडचे, कुणी रायपूरचे, एक जोडपं कलकत्त्याचं. सगळ्यांच्या खिशात इन्हेलर नाहीतर गुडघ्याचं मलम.

एक गोष्ट मात्र मी कधी विसरणार नाही. आमच्या घरमालकाच्या पुतणीचं कुटुंब नाताळच्या सुट्टीत लंबसिंगीला निघालं होतं. हे गाव चिंतपल्लीजवळ डोंगरात हजारेक मीटर उंचीवर आहे, तिथे थंडी शून्याच्या जवळपास जाते, म्हणून लोक त्याला आंध्रचं काश्मीर म्हणतात. मुलांसाठी माकडटोप्या, हातमोजे, लोकरी स्वेटर, सगळं दुकानातून नवं आणलेलं. शेकोटी कशी पेटवायची हे त्या बाईंनी मला विचारलं! "मीकु तेलुसु कदा," म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक असणारच. ज्यांच्या दारात बिनथंडीचा हिवाळा आहे ते थंडी बघायला पैसे मोजून डोंगर चढतात, आणि आम्ही तिला चुकवायला गोदावरी एक्स्प्रेसने खाली उतरतो. मी त्यांना शेकोटी सांगितली. आधी पाचट, मग काटक्या, मग शेणी, आणि वाऱ्याकडे पाठ करून बसा. सांगताना भालकीच्या शेतातला हुरड्याचा आगटा डोळ्यांपुढे आला, त्यात खुपसलेली ज्वारीची कणसं, तळहातावर चोळून दिलेला गरम हुरडा, तिळाची चटणी. हुरडा थंडीतच होतो. जोंधळा पिकायला पठाराची ती कोरडी गार रात्र लागते.

आपांचं म्हणणं हळूहळू खरं ठरत होतं. तेलुगू मला येतं. पन्नास वर्षं बोलते आहे. पण माझं तेलुगू तेलंगणातलं, त्यातून काचीगुड्याचं. औषधाच्या दुकानात मी जवळचा 'दवाखाना' कुठे म्हणून विचारलं तर पोरगा हसला. तिकडे 'आसुपत्रि' म्हणतात. हसण्यात वाईट काही नव्हतं. "हैदराबाद आ अम्मा?" म्हणाला आणि खुर्ची दिली. पण त्यानंतर मी प्रत्येक वाक्य तोंडात घोळवून मग बाहेर काढू लागले. ह्यांची अडचण मोठी. ह्यांचं मराठी विवेकवर्धिनीतलं, उर्दू गल्लीतलं, इंग्रजी कचेरीतलं, तेलुगू फलाटावरचं. चारही मिळून एक भाषा होते आणि ती फक्त हैदराबादेत चालते. चहाच्या टपरीवर 'जरा हल्लू' म्हणणारं, 'नक्को' ला 'नक्को' च उत्तर देणारं कुणी तिथे नव्हतं. सकाळी मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन वर्तमानपत्र चाळायचं आणि तिथल्या दोघा-तिघांशी वाद घालून जेवायला यायचं, हा ह्यांचा निवृत्तीनंतरचा नेम. समुद्राशी वाद घालता येत नाही.

मराठी कानावर पडलं ते जुन्या गावात, कुरुपाम मार्केटच्या सोनारपेठेत. माझ्या मंगळसूत्राची वाटी चेपली होती. शेजारच्या गाळ्यातून एक बाई कुणाला तरी ओरडत होती, "आरं, भट्टी बघ की!" मी जागच्या जागी उभी राहिले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची गलाईची माणसं, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारी, दुष्काळाने गाव सोडून भारतभर पांगली, हे वाचलेलं होतं. कुठल्याही गावच्या सराफ्यात जा, विट्याकडचा माणूस भेटतोच. ही त्यांच्यातलीच. लग्न होऊन आली त्याला तीस वर्षं झालेली. मुलं तेलुगूत शिकली, तेलुगूत भांडतात. गावच्या जत्रेला मात्र सगळे जातात. आम्ही का आलो ते तिने विचारलं. मी हवेचं सांगितलं. ती मोठ्याने हसली. "थंडीसाठनं आलाय व्हय? आमी आपलं पोटासाठनं आलो. हितं थंडी न्हाई हे तुमी म्हनल्यावर ध्यानात आलं बगा." मग पाटावर बसवून चहा दिला आणि म्हणाली, "बोला की काय बी. निस्तं ऐकती मी." मी काय बोलणार? गव्हाच्या भावाबद्दल बोलले. अर्धा तास बोलले.

संक्रांत १५ जानेवारीला होती. आदल्या पहाटे भोगीला त्या उबदार किनाऱ्यावर प्रत्येक चौकात जाळ पेटला. जुनी लाकडं, मोडक्या खुर्च्या, सगळं त्यात. थंडी नाही, पण थंडीचा सण आहे! ह्यांना धुरापासून दूर ठेवायला आम्ही दारं-खिडक्या लावून आत बसलो. मी तिळगूळ केला होता, तो दुपारपर्यंत सादळला. तिळाच्या वड्या बोटांना चिकटू लागल्या. शेजारणींनी अरिसेलु आणून दिले, मी चिकट तिळगूळ दिला. त्यांनी गोड मानून घेतला. त्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की बरोबर आणलेल्या पुस्तकांची पानं जड झाली आहेत, पत्र्याच्या पेटीच्या कडीला लाल गंज धरला आहे, आणि मीठ बरणीत ओलं झालं आहे. तिथल्या लोकांना याचं काही वाटत नाही. मिठात तांदळाचे चार दाणे टाकतात, झालं.

हे हिशेब विभागातले. वहीशिवाय ह्यांचं चालत नाही. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायचं एक नळीसारखं साधन मिळतं. त्याचा आकडा रोज सकाळी ही वही घेते. हैदराबादेत नोव्हेंबरअखेर आकडे दोनशे दहा, दोनशे वीस, एकदा एकशे नव्वद. विशाखापट्टणमला दहाव्या दिवशी दोनशे पन्नास, विसाव्या दिवशी दोनशे सत्तर, आणि तिथून हलले नाहीत. शेजारच्या रकान्यात दोन्ही गावांचं किमान तापमान, त्याच्या शेजारी रात्री इन्हेलर किती वेळा. हा रकाना शेवटी शेवटी नुसता शून्याने भरला होता. अठ्ठावीस जानेवारीला परत निघायच्या आदल्या रात्री मी ती वही चाळली. शेवटच्या पानावर ह्यांनी एक रकाना नंतर, वेगळ्या शाईने आखला होता. डोक्यावर लिहिलं होतं, 'घराबाहेर मराठी'. पंचेचाळीस दिवसांत चार खुणा. त्यांतल्या दोन त्या गलाईवाल्या बाईंकडच्या होत्या.

मी काही बोलले नाही. परतीच्या गाडीत हेच म्हणाले, "आपण इथेच येऊ या. कायमचे." मला वाटलं होतं वही पाहून ते उलटं म्हणतील.

मुलाला ते पटलं. काचीगुड्याच्या जागेला आज भाव आहे, बिल्डर दोनदा येऊन गेला, तिकडे बऱ्यापैकी फ्लॅट येईल आणि वर उरेल. सगळं बरोबर. ह्यांचा श्वास हा काही वाद घालायचा विषय नव्हे, आणि मी तो घातलेला नाही. मी एवढंच विचारलं, मे महिना कुठे काढायचा? हैदराबादला चाळीसच्या वर कोरडी आग असते, पण सावलीत बसलं आणि वाळ्याचा पडदा भिजवला की माणूस तगतो. किनाऱ्यावर पस्तीसच अंश, पण घाम वाळत नाही, आणि दमट घरात भिंतीला बुरशी धरली की तीही दम्याला सोसत नाही, असं डॉक्टरच म्हणाले. मग पावसाळा, मग ऑक्टोबर, आणि त्या राखणदाराचा समुद्राकडे गेलेला हात. हिवाळा भाड्याने घेता येतो. घर विकत घ्यायचं तर बाराही महिने घ्यावे लागतात. ह्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, फरक समुद्राचा, गारठ्याचा, की काचीगुड्याच्या धुरापासून लांब गेल्याचा? ते म्हणाले, तिन्हींचा असेल, किती कशाचा हे सांगता येणार नाही. विशाखापट्टणमलाही बंदराकडे कोळशाची धूळ उडतेच. आपण राहिलो ती बाजू उघडी होती म्हणून बरं.

माझं खरं कारण मी डॉक्टरांपुढे काढलं नाही. हैदराबादचा हिवाळा मला आवडतो. ह्यांच्या छातीला जो छळतो तोच मला आवडतो, हे बायकोने कुणापुढे म्हणायचं? सकाळी गच्चीत ओलं डोकं वाळवत बसलं की चार गच्च्यांवरून चार भाषांत भाजीचे भाव विचारले जातात. तुरीच्या शेंगा, बोरं, ओला हरभरा, संक्रांतीला समोरच्या घरून येणारे सकिनालु, आभाळभर पतंग. आणि १ जानेवारीपासून दीड महिना नुमाइश. १९३८ साली पब्लिक गार्डनमध्ये ती सुरू झाली, १९४६ पासून नामपल्लीच्या मैदानावर भरते. काश्मिरी शालींचे गाळे, लखनवी कपडे, मिरची भजी, बायकांची ही गर्दी. थंडी नसती तर त्या शालवाल्यांकडे कोण गेलं असतं? लग्नानंतरच्या पहिल्या नुमाइशीत सासूबाईंनी मला फिरणाची तपकिरी शाल घेऊन दिली, ती अजून आहे. १९५६ ने मला कानडी मुलखाची केलं, २०१४ ने ह्यांना तेलंगणाचं. दोन्ही वेळी कुणी विचारलं नाही. या वेळी निदान विचारणारा घरातलाच आहे.

घर विकायचं की नाही, हे ठरलेलं नाही. बिल्डरचं कार्ड वहीत ठेवलेलं आहे. यंदाची तिकिटं मात्र काढली, ४ डिसेंबरची. ह्यांनी परतीची ३० जानेवारी म्हटली होती, मी १९ म्हटली. १९ ला झाली. तोवर थंडीचा जोर ओसरलेला असतो. जाताना दोन डबे लाडू त्या सोनारपेठेतल्या बाईंसाठी न्यायचे आहेत आणि वाचायला गेल्या तीन वर्षांचे दिवाळी अंक, पानं जड झाली तर झाली. नुमाइशीच्या धुळीत ह्यांना नेता येणार नाही. आपा आणि मी जाऊ. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, पण रिक्षा थेट फाटकापर्यंत जाते, आणि त्यांना लोकरीचे पायमोजे घ्यायचे आहेत.